शेवटच्या ओळीतली चार अक्षरं

आमच्या बँडचं पहिलं गाणं चार अक्षरांवर अडलं होतं. ती चार अक्षरं म्हणजे आमच्या वडलांचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही, आणि मायचं तर त्याहून नाही. नावावरूनच सगळी भानगड झाली, त्यात मी आणखी तेल कशाला ओतू? ज्यांना फारच उत्सुकता असेल त्यांनी गाणं शोधून ऐकावं. साडेचार मिनिटांचं आहे, ऐकून कुणाला काही होत नाही.

आम्ही बँड काढलाय असं मी गावात सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "मंग वरातीत तू काय वाजवणार गं, खुळखुळा?" त्यांचंही चुकलं नाही. आमच्याकडं बँड म्हणजे लाल कोट, पितळी वाजंत्री आणि घोड्यापुढं नाचणारे पाव्हणे. आमच्यात लाल कोट कुणाकडंच नाही. माणसं पाच. गाणारी माझी माय. पेटीवर माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ढोलकीवर मायचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, जो वाटूरला शिलाईचं दुकान चालवतो. कीबोर्डवर मंठ्याच्या माझ्या शाळेतल्या गणिताच्या मॅडम. आणि झील धरायला मी. झील धरायची म्हणजे मुख्य गाणाऱ्यानं ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलून म्हणायची. मी तोंडाची फटकळ आहे, शाळेत शिपायापासून केंद्रप्रमुखापर्यंत सगळे मला वचकून असतात, पण गाण्यात मात्र जन्मभर दुसऱ्याची ओळ मागून म्हणण्याचंच काम माझ्याकडं आलंय.

अण्णा जिल्हा परिषदेचे गुरुजी होते. वाटूरजवळच्या आमच्या खेड्यात त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, नामकरण असो, नव्या घरात जायचा कार्यक्रम असो, पार्टीला बोलावणं यायचं. पार्टीचं नाव म्हणजे अण्णांचं नाव आणि पुढं "आणि पार्टी". गाणाऱ्यांत माय एकटी बाई. आणि पार्टीचं प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यात अण्णांच्या नावावर येऊन थांबायचं. गाणं रचणाऱ्यानं शेवटी स्वतःचं नाव गुंफायचं, त्याला छाप म्हणतात. अमका म्हणे, तमका सांगे, असं. छाप ऐकली की लोकांना कळायचं की कवी कोण. परतुरापासून मंठ्यापर्यंत अण्णा कवी म्हणून प्रसिद्ध होते. अजूनही एखादा म्हातारा एसटीत भेटला की मला म्हणतो, तू त्या कवी गुरुजींची लेक ना?

मी हो म्हणते. काय करणार, एसटीत उभ्या उभ्या किती सांगायचं? खरी गोष्ट अशी की अण्णांनी उभ्या आयुष्यात एक गाणं रचलेलं नाही. गाणी सगळी माय करायची. कापूस वेचता वेचता ओळी जुळवायची, घरी येऊन भाकरी थापता थापता त्या म्हणायची, आणि अण्णा शेजारी पाटावर बसून शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या उतरवून घ्यायचे. मायला लिहिता येतं, पण सहीच्या पुढं गेलं की तिचा हात कुरकुरतो. चौथं कडवं आलं की ती तव्याकडं बघत म्हणायची, "टाका आता तुमचं नाव." आणि अण्णा टाकायचे. ते नाव चार अक्षरी, मोजून मापून घेतल्यासारखं कुठल्याही चालीत बसायचं.

याला कुणी चोरी म्हणेल. मीही म्हणत होते, कॉलेजात असताना तर फारच जोरात म्हणत होते. पण मायला विचारलं की ती हसायची. त्या हसण्याचं कारण कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माय अण्णांना "अवो" म्हणते, त्यांच्यामागं "हे" म्हणते, आणि शाळेत माझं नाव घालायला गेली तेव्हा बापाचं नाव विचारलं तर शेजारणीला म्हणाली, "तूच सांग बाई." अशा बाईच्या हातात माइक, समोर सगळं गाव, आणि शेवटच्या ओळीत नवऱ्याचं नाव, तेही खणखणीत. समोरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "घेतलं गं, घेतलं," असा आवाज उठायचा. माय डोळे मिटून गात राहायची. गाण्यात घेतलेलं नाव नावात धरत नाहीत, अशी तिची पळवाट होती.

अण्णांची तऱ्हा याहून अवघड. समतेवर अर्धा तास भाषण द्या म्हणलं तर पाऊण तास देतील, पण बायकोला हाक मारायची म्हणलं तर "ऐकलं का" किंवा "अगं ए" याच्या पुढं गाडी नाही. एकदा माय बाजारात हरवली तर त्यांनी तिला शोधायला मला पुढं घातलं, कारण गर्दीत "अगं ए" म्हणलं की सतरा बायका वळून बघत होत्या.

अण्णा निवृत्त झाले, पार्टीतले लोक पांगले, काही गेले. मग मागच्या वर्षी आमच्या गणिताच्या मॅडम माझ्या भाचीच्या नामकरणाला आमच्या गावी आल्या. या भोकरदनकडच्या, शेतकरी घरातल्या, बोलायला कमी आणि मोजायला पक्क्या. तिथं मायनं एसटीचं गाणं म्हणलं. मी अकरावीला मंठ्याला जायला लागले तेव्हा रचलेलं.

एष्टी आली, एष्टी आली, धूळ उडाली रानात
लेक बसली खिडकीपाशी, पेन खोचून केसांत

पेन खोचलेली ती लेक म्हणजे मी. तेव्हा मला भयंकर लाज वाटायची, आता वाटत नाही. मॅडमनी सबंध गाणं मोबाईलमध्ये घेतलं, परतीच्या वाटेवर दोनदा ऐकलं आणि मला म्हणाल्या, "हे नीट रेकॉर्ड झालं पाहिजे. मी कीबोर्ड वाजवते." मला त्या कीबोर्ड वाजवतात हेच माहीत नव्हतं. सहा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो.

तर असा आमचा बँड झाला. एप्रिलपासून दर रविवारी मंठ्याला माझ्या घरी तालीम. उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याला एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करायचं आणि मोबाईलवर सगळ्यांना ऐकता येईल असं टाकायचं ठरलं. स्टुडिओवाल्यानं आधी भरून ठेवायला एक फॉर्म पाठवला होता. दुसऱ्या तालमीला मॅडम तो वाचून एकेक विचारत होत्या. गायिका कोण, ढोलकी कोण. मग त्यांनी सहज विचारलं, "गीतकार?"

अण्णांनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि त्याआधी माय म्हणाली, "मी."

एवढंच. कांदा चिरत होती, मान वर न करता म्हणाली. अण्णांचा पेटीच्या भात्यावरचा हात थांबला. मामानं ढोलकीच्या दोऱ्या ताणायला घेतल्या, ज्यांना ताणायची काहीएक गरज नव्हती. मॅडम बिचाऱ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"लिहा," माय म्हणाली. "आन् छाप बी माझीच टाकायची आता. ह्या गाण्यात तरी. हे गाणं माझ्या लेकीचं हाय. त्यात पुरुषाचं नाव कामून? शेवटच्या ओळीत 'म्हणे बायांनो' म्हणायचं आन् नाव बाप्याचं. मला कवाचं खटकून राह्यलं."

ही तिची पहिली मागणी. सबंध संसारात साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, गाणं मागितलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. तिथंच चुकलं. अण्णांना वाटलं आम्ही मायलेकींनी आधी ठरवून त्यांना पकडलं. त्यांनी पेटी मिटली, वर कापड घातलं आणि "मला वाटूरला जायचंय" म्हणून निघून गेले. वाटूरला त्यांचं काहीच काम नव्हतं.

पुढचा आठवडा गावाकडच्या घरी असा गेला: माय नेहमीसारखी, अण्णा मात्र जेवताना सुद्धा वर्तमानपत्र पुढं धरून. मी फोनवर त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. समता, भाषणं, हजेरीपटामागची गाणी, सगळं काढलं. त्यांनी फोन ठेवून दिला. मग शनिवारी मी गावाकडं निघाले तर ते मला घ्यायला म्हणून वाटूर फाट्यावर येऊन उभे. चहाच्या टपरीवर बसलो. बराच वेळ ते बशीत चहा ओतत होते आणि पीत नव्हते.

"तू म्हणतीस ते बराबर हाय," ते म्हणाले. "गाणं तिचंच हाय. सगळीच तिची. मी फक्त लिवलं. माझी काही तक्रार न्हाई."

"मग गाल फुगवून का बसलात?"

"पार्टी मोडली. कार्यक्रम संपले. आता हे एकच गाणं होऊन राह्यलं." ते रस्त्याकडं बघत होते. "त्यातून बी माझं नाव काढलं, तर मंग ती माझं नाव घेणार कवा?"

मी फटकळ बाई, पण मला टपरीवर, चारचौघांत, रडू आलं. चहावाला म्हणाला, "मॅडम, तिखट लागलं का?" चहा तिखट कसा लागेल, मूर्खा.

अण्णांनीच मग मला रुमाल दिला आणि म्हणाले, "टाक म्हणाव स्वतःचं नाव. तिला सांग, माझी हरकत न्हाई." सांग म्हणजे मी सांगायचं. ते स्वतः सांगणार नाहीत. एका घरात राहून दोघांची टपालं मी मंठ्याहून पोचवायची, असा आमचा रिवाज.

मायला निरोप दिला. ती म्हणाली, "बरं." आणि त्याच संध्याकाळी दुसरी आफत उभी राहिली. अण्णांचं नाव चार अक्षरी, मायचं दोन अक्षरी. ओळ अशी होती: चार अक्षरांचं नाव, आणि पुढं "म्हणे बायांनो गं, हात करा एष्टीला". मायनं आपलं नाव टाकून म्हणून बघितलं. पायरी चुकल्यासारखी ओळ मध्येच खाली आली. पुन्हा म्हणलं. पुन्हा तेच.

"बसंना," ती म्हणाली. चेहरा असा उतरला की मला बघवेना.

पुढचे दोन रविवार आम्ही दोन अक्षरांच्या शोधात घालवले. मॅडमनी वहीत चार चौकोन आखले, दोनात नाव लिहिलं, दोन मोकळे ठेवले. मामा म्हणाला, "मोकळ्या जागेत मी ढोलकी वाजवतो, धिन धा, विषय संपला." माय म्हणाली, "लोकांना वाटंल मला उचकी लागली." मी म्हणलं नावापुढं बाई लाव. ती म्हणाली, बाई लावलं की मी निवडणुकीला उभी राह्यल्यावाणी वाटते. मॅडमनी भीतभीत ताई सुचवलं. "मी कोणाची ताई?" मामा म्हणाला, "माझी, आक्का." "तुझ्या एकट्यासाठी रेकॉर्ड करून राह्यलो का आपण?" मग आई लावून बघितलं. माय म्हणाली, "बिलकुल न्हाई. आई लावलं की लोकं नारळ घेऊन येतेल." अण्णांनी पेटीवर नाव ताणून दाखवलं, म्हणजे सूर ताणून दाखवला, नाव नाही घेतलं. मायनं तसं म्हणलं आणि स्वतःच थांबली. "बकरी ओरडून राह्यली," ती म्हणाली.

शेवटी ती थकली. तालमीच्या शेवटी घाम पुसत मला म्हणाली, "जाऊ दे. त्यांचंच राहू दे. बसतं तरी." आणि अण्णा पटकन म्हणाले, "न्हाई. आता तसं न्हाई करायचं." मायकडं न बघता, पण म्हणाले. मी पेटीमागच्या त्या माणसाकडं बघत राहिले. हे तेच होते का?

जालन्याला गेलो तेव्हा ती दोन अक्षरं सापडलेलीच नव्हती. शेवटची ओळ आम्ही पाचांनी मिळून एकदाही पूर्ण म्हणलेली नव्हती.

स्टुडिओ बियाण्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. खाली पोत्यांची चढउतार चाललेली. आत भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. मायनं ते नीट निरखून रेकॉर्डिस्टला विचारलं, "येवढी अंडी कोण खाल्ली?" तो तिशीतला, सभ्य माणूस. म्हणाला, "मावशी, आवाज घुमू नये म्हणून हायत ते." माय म्हणाली ते ठीक हाय, पण खाल्ली कोण. त्यानं माइक लावायला घेतला.

मे महिना, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. पहिला अर्धा तास मामानं खाल्ला. रेकॉर्डिस्टनं सगळ्यांच्या कानात हेडफोन घातले आणि त्यात ठेका धरायला टकटक सुरू केली. मामा वाजवायचा थांबला. "कोण टकटक करून राह्यलंय?" मशीन आहे, त्याच्या मागं चालायचं, असं त्याला समजावलं. मामा म्हणाला, "मी तीस वर्षं वाजवून राह्यलो. त्याला सांगा, माझ्या मागं चाल." रेकॉर्डिस्टनं पुष्कळ समजावलं. शेवटी टकटक बंद झाली आणि मामाच्या ढोलकीवरच सगळं घ्यायचं ठरलं. मॅडमना फार वाईट वाटलं, त्यांना ती टकटक आवडली होती.

मग गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्यानंतर गाडी रुळावरून घसरली. तिथं आल्यावर मामानं आपोआप ढोलकी हळू केली, अण्णांनी पेटी दबकी धरली, माय गप्प झाली, मीही गप्प. सगळे एकदम शांत, नुसता ठेका चाललेला. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून विचारलं, "मावशी, शब्द विसरले का?"

"न्हाई," माय म्हणाली. "बक्षिसाची जागा हाय."

त्याला कळेना. मी समजावलं. कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यानंतर लोक बक्षीस आणून देतात, मग ठेका चालू ठेवून गाणारा त्यांचं नाव पुकारतो आणि आभार मानतो, मग पुढचं कडवं. चाळीस वर्षांची सवय. तो म्हणाला, "पण इथं कोण देणार बक्षीस?" अण्णा जरा रागानंच म्हणाले, "कोणी देऊ न्हाई तर न देऊ. जागा सोडावी लागती." तरी काढून टाकू म्हणून आम्ही कबूल झालो. दुसऱ्या वेळी मामा हळू झाला. तिसऱ्या वेळी मीच थांबले, लाज वाटली मला. चौथ्या वेळी कुणीच थांबलं नाही, गाणं सुरेख पुढं सरकलं, आणि नेमकं तिथंच अण्णांनी माइकमध्ये म्हणलं, "मंडळ आपलं आभारी आहे." मॅडम हसता हसता खाली बसल्या. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पाचव्या वेळी वाद्यं झाली; शेवटच्या कडव्यात माय नुसतीच गुणगुणली, आवाज नंतर वेगळे घ्यायचे होते.

मग मायची पाळी. ती एकटी आत, आम्ही चौघं बाहेर काचेजवळ. शेवटच्या कडव्याचं काय करायचं, हे रेकॉर्डिस्टनं विचारलं. माय म्हणाली, "तुम्ही लावा. मी बघते." ती काय बघणार होती? तिच्याजवळ दोनच तर अक्षरं होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला तिनं असा आवाज लावला की खालची पोती उचलणारा माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. शेवटचं कडवं आलं. अण्णा माझ्या शेजारी उभे, हाताची घडी घालून.

मायनं तिचं नाव घेतलं. आणि लगेच पुन्हा घेतलं. दोन आणि दोन, चार. "म्हणे बायांनो गं, हात करा एष्टीला." ओळ अशी बसली, जणू वर्षानुवर्षं तिथं तेच होतं.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. दोन रविवार चौकोन आखत बसलेली बाई, दोन दुणे चार तिला सुचलं नाही. मी काचेवर थापा मारत होते. माय बाहेर आली तेव्हा तिला विचारलं, कधी सुचलं गं? म्हणाली, "आत्ताच. म्हणलं, इतके वर्स एकदा बी न्हाई घेतलं. मंग एकदा कामून, दोनदा घेऊ." आणि पाणी मागितलं. अण्णांनी बाटली पुढं केली.

आता झील तेवढी राहिली. मामा, अण्णा, मॅडम आणि मी, चौघं एका माइकभोवती. माय बाहेर रेकॉर्डिस्टच्या शेजारच्या खुर्चीत. छापेची ओळ मुख्य गाणाऱ्यानं एकदा म्हणायची आणि झीलकऱ्यांनी ती दोनदा उचलायची, हा नियम. इतकी साधी गोष्ट, पण ओळच तयार नव्हती म्हणून कुणाच्या डोक्यात आली नव्हती. माझ्याही नाही. हेडफोन कानावर चढवल्यावर मला लक्षात आलं, आणि मी अण्णांकडं बघितलं. त्यांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. कपाळावर घाम होता, तो उकाड्याचा नव्हता.

पहिल्या वेळी आम्ही तिघांनी मायचं नाव म्हणलं आणि अण्णांनी स्वतःचं. चाळीस वर्षांची जीभ, तिचा काय दोष? रेकॉर्डिस्ट म्हणाला, "काका, शब्द वेगळा येऊन राह्यला." दुसऱ्या वेळी बरोबर आलं असं वाटलं. पण त्यानं पुन्हा थांबवलं. "काका, तुमचा आवाजच येत न्हाई शेवटच्या ओळीला. बाकी ठिकाणी येतो. तो जाड आवाज पाहिजे मला खाली, न्हाई तर झील पोकळ वाटती." अण्णा म्हणाले, घसा बसला. पाणी प्यायले. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम बघत होते. ओठ हलत होते, आत काही नव्हतं. मामा हळूच म्हणाला, "दाजी, गाण्यात घेतलेलं धरत न्हाईत." अण्णांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. सत्तरीचा माणूस, हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत उभा. मला त्यांचा राग येत होता. आता हा माणूस "मला वाटूरला जायचंय" म्हणाला तर?

तेवढ्यात कानात मायचा आवाज आला. बाहेरून आत बोलायचं एक बटण असतं, ते तिनं रेकॉर्डिस्टला दाबायला लावलं होतं.

"घ्या की," ती म्हणाली. "मी चाळीस वर्स घेतलं तुमचं, सगळ्या गावापुढं. मला काय झालं?"

आम्ही चौघांनी ते ऐकलं. अण्णांनी वायर सोडली, सदरा खाली ओढून नीट केला आणि "लावा" म्हणाले.

आणि घेतलं. पहिल्या वेळी जरा कापरं, लगेच दुसऱ्यांदा सरळ. मग नियमाप्रमाणं ओळ पुन्हा उचलायची होती, तेव्हा आणखी दोनदा. शेवटचं तर इतकं मोठ्यानं की मॅडमनी हेडफोन एका कानावरून सरकवला. माझा आवाज कुठल्या कुठं गेला होता, मी नुसतीच उभी होते. काचेपलीकडं माय पदर तोंडाला लावून बसली होती, हसत होती की काय करत होती ते मला दिसलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांत पाणी होतं.

"ओके, झालं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "एकदम बराबर आलं, काका. या सगळे बाहेर."

मामानं हेडफोन काढला. मॅडमनी काढला. मी ओढणीनं तोंड पुसत दाराकडं निघाले. अण्णा माइकपुढं तसेच उभे होते.

"आणखी एकदा घेऊ," ते म्हणाले.

"काका, खरंच बराबर आलंय. काही गरज न्हाई."

"आलं असंल," अण्णा म्हणाले. "तरी घेऊ."